नाण्यांना हात लावू नये

यज्ञेश्वर मोहरील यांनी फ्लेक्सचा मजकूर पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा सरोजिनीबाई दिवाणावर टेकायला जागा शोधत होत्या. जागा नव्हती. दिवाणावर मौर्य होते, उशीवर कुषाण होते आणि लोडाला टेकून माळव्याकडचे कोणी राजे निवांत पडले होते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घराला बैठकीची खोली एकच, आणि तिच्यात माणसांनी बसायचे दिवस केव्हाच सरले होते. पाहुणे आले की सरोजिनीबाई त्यांना थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवत, आणि पाहुण्यांना वाटे, काय हा घरोबा!

"ऐक," यज्ञेश्वर म्हणाले. "'प्राचीन नाणी प्रदर्शन. दोन हजार वर्षांपूर्वीची दुर्मीळ नाणी. सोने, चांदी, तांबे. कृपया नाण्यांना हात लावू नये. संग्राहक : यज्ञेश्वर मोहरील.' कसं वाटते?"

"चांगलं हाय. पण नाणी काहून लिहिता? सिक्के लिहा ना. इथं सगळ्यायले सिक्के समजते."

"सिक्का हिंदी झाला. मराठीत शिक्का म्हणजे रबराचा ठप्पा. मराठी समाजाचं प्रदर्शन हाय, लिहीन तर शुद्ध मराठीच लिहीन. ज्याले नाणी समजत नाही, त्यानं येऊच नये."

यज्ञेश्वरांचं हे असं होतं. बोलताना त्यांची मराठी दर दोन वाक्यांनी हिंदीच्या ओसरीवर जाऊन बसे, पण हातात लेखणी आली की तिच्या अंगात पेशवाई संचारे. मोहरील हे आडनाव 'मोहर' या शब्दावरून आलं आणि आपले पूर्वज भोसल्यांबरोबर रायपुरात आले ते टाकसाळ सांभाळायला, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचे वडील मात्र मरेपर्यंत सांगत राहिले, की बाबा रे, मोहरील म्हणजे मोहरीर, म्हणजे कारकून. पण वडिलांना इतिहासाची दृष्टी नव्हती. स्वतः यज्ञेश्वर सिंचाई विभागातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले, हा त्यांच्या मते निव्वळ योगायोग.

या वेळी मात्र प्रकरण नुसतं हौसेचं नव्हतं. बुढापाऱ्यात 'स्नेहवर्धक मराठी समाज' नावाची एक दुमजली संस्था आहे. तिच्या वरच्या मजल्यावरची खोली नुकतीच रिकामी झाली होती. त्या खोलीचं काय करायचं यावर कार्यकारिणीच्या बैठका झाल्या, चहा झाला, दोन जुन्या मित्रांचं बोलणं बंद झालं, आणि शेवटी अध्यक्ष निरंजन ढोबळे यांनी तोडगा काढला. रविवारी मोहरिलांनी तिथे आपली नाणी मांडावीत. लोक आले, तर खोलीला 'मोहरील नाणे दालन' अशी पाटी लागेल आणि काचेची कपाटं येतील. लोक आले नाहीत, तर खोली योगवर्गाला. तेव्हापासून यज्ञेश्वरांना ती पाटी डोळे मिटले तरी दिसत होती. पितळी पाटी, कोरलेली अक्षरं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर सही केलेल्या माणसाला आपलं नाव एकदा तरी पितळेत पाहावंसं वाटतं, यात हसण्यासारखं काही नाही.

सरोजिनीबाईंनाही ती पाटी हवी होती. त्यांना दिवाण हवा होता.

"एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "रविवारी एक तर तुमची नाणी त्या खोलीत जातील, नाहीतर मी जाईन."

"नाणीच जातील. चिंता करू नको."

"बरं, मग एक काम करा. तुमच्याजवळ भिंग हाय, चिमटा हाय. माझ्या आईच्या पुतळीची कडी ढिली झाली. जरा दाबून देता का?"

सरोजिनीबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या पोतीत ओवलेली सोन्याची एक जुनी, गोल चकतीसारखी पुतळी असे. तिच्यावरचं चित्र झिजून झिजून मांजराने उंदीर धरावा तसं दिसू लागलं होतं, म्हणून माहेरी तिला मांजर-उंदराची पुतळी म्हणत. आईची आई बिलासपूरकडची, तिच्याकडून ती आलेली.

यज्ञेश्वरांनी मान वर केली नाही. "मी नाण्यांचा अभ्यासक हाव, सरोज. सोनार नाही."

"पण पाहून तर—"

"काय पाह्यचं? मांजराचं नाणं हिंदुस्थानातल्या एकाही राजानं पाडलं नाही. ते तुमच्याकडच्या सोनारानं पाडलं."

सरोजिनीबाईंनी देवघरातला लाल दोरा घेतला, कडी कशीबशी बांधली आणि विषय संपवला.

यज्ञेश्वर मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेला तो कागद घेऊन समता कॉलनीत गेले. तिथे विशालचं फ्लेक्सचं दुकान होतं. विशालला मराठी येत नव्हती, पण त्याचा आत्मविश्वास दांडगा होता. "हो जाएगा अंकल, टेंशन मत लो," असं म्हणून त्याने कागद घेतला, आणि संध्याकाळी यज्ञेश्वरांच्या मोबाईलवर नमुना तपासायला पाठवला.

यज्ञेश्वरांनी तो तपासला. म्हणजे त्यांनी डावीकडचा खालचा कोपरा दोन बोटांनी मोठा करून पाहिला. सिंचाई विभागात जन्म गेला, पण कोणी त्यांना यगेश्वर केलं, कोणी योगेश्वर, आणि एका पगारपत्रकात तर ते जागेश्वर होते. इथे मात्र 'यज्ञेश्वर' जसा हवा तसा उमटला होता. त्यांचं मन भरून आलं. त्यांनी विशालला अंगठा पाठवला आणि फोन उपडा ठेवून दिला.

शनिवारी सरोजिनीबाईंच्या भजनी मंडळातल्या बायकांचे फोन सुरू झाले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ज्या मराठी जिभांनी रायपुरात पाच-सहा पिढ्या काढल्या, त्यांच्यावरची ण आणि न यांच्यातली भिंत केव्हाच पडली आहे. पाणी पितात ते पानी, आणि लोणी खातात ते लोनी. त्यामुळे फोनवर कोण काय म्हणतं आहे, हे कळायला रायपुरात संदर्भच लागतो.

"अहो," सरोजिनीबाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "शर्मिष्ठा विचारून राहिली, तुमच्या प्रदर्शनात वयाची काही अट हाय का?"

"जितकं जुनं तितकं चांगलं, सांग."

"आणि बसवणार कशावर?"

"मखमलीवर."

सरोजिनीबाईंनी निरोप जसाच्या तसा पोचवला. फोन ठेवल्यावर मात्र त्या थोडा वेळ विचारात पडल्या. "अहो, मले वाटते काहीतरी घोळ हाय. ह्या बायका नाणी म्हणून राहिल्या का नानी, हेच—"

"त्यांना नाण्यातलं काय समजते? तू तुझ्या भजनाचं पाह्य."

संध्याकाळी नात आली, ईरा. मुलीची मुलगी. तिचे वडील तिवारी, त्यामुळे ती मराठी सगळी समजे आणि उत्तर हिंदीत देई. आल्या आल्या ती म्हणाली, "नाना, आपका पोस्टर तो वायरल हो गया! कॉलेज के हर ग्रुप में है."

यज्ञेश्वरांच्या हातातला कुषाण राजा थरथरला. "पाह्य सरोज! आम्ही उगाच नावं ठेवतो. नवीन पिढीले इतिहासाची भूक हाय."

"पर नाना, उसमें तो लिखा है कि—"

"मीच लिहिलं, मले सांगू नको. उद्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन ये."

ईराने आजीकडे पाहिलं. मोबाईल तिच्यापुढे धरला. सरोजिनीबाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला, पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. दोनदा सांगून झालं होतं, तिसऱ्यांदा सांगायचं त्यांच्यावर काही बंधन नव्हतं. बराच वेळ आतून भांडी पडल्याचे आवाज येत राहिले, आणि भांडी पडताना कोणी इतकं हसत नाही हे यज्ञेश्वरांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी यज्ञेश्वर नाण्यांची पेटी घेऊन समाजाच्या मागच्या दाराने आत गेले. पुढच्या जिन्यावर पेटी हिंदकळते, म्हणून मागचं दार. वर जाऊन त्यांनी ट्रे मांडले, निळी मखमल झटकली, प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी ठेवली आणि गळ्यात भिंग अडकवून खिडकीतून खाली पाहिलं. फाटकापासून बुढा तलावाच्या रस्त्यापर्यंत माणसंच माणसं! ई-रिक्षा येत होत्या, स्कूटरी येत होत्या, एक तर ॲम्ब्युलन्सही आली होती. यज्ञेश्वरांचे डोळे भरून आले. या शहराला आपण आजवर कमी लेखलं, असं त्यांना मनापासून वाटलं.

तेवढ्यात जिना चढून एक तिशीतला माणूस धापा टाकत वर आला. प्रशिक त्याचं नाव, बँकेत कामाला होता.

"काका, आमचीवाली कुठं बसवायची?"

यज्ञेश्वर खूश झाले. लोक आपली नाणी घेऊन तज्ज्ञाचं मत घ्यायला येणार, हे त्यांनी स्वप्नातच पाहिलं होतं. "पहिले सांग, कोणत्या काळातली हाय?"

"इंग्रजांच्या टायमाची."

"म्हणजे अगदीच अलीकडची. बरं, मूळची कुठली?"

"अचलपूरची. लग्नात आली इकडं."

"हुंड्यातली. असू दे. झिजली किती?"

"गुडघे पार गेले, काका."

"कडा म्हणायचं असेल तुले."

"कडा नाही, गुडघे. आणि डावीकडून काही ऐकू येत नाही."

हल्लीच्या मुलांना विषयाचे शब्द ठाऊक नसतात, अशी यज्ञेश्वरांनी मनाची समजूत घातली. "ते राहू दे. घासली-बिसली तर नाही ना? जुन्या वस्तूले पाणी लावायचं नसते."

"असं कसं? सकाळीच उटणं लावून आंघोळ घातली."

"उटणं!" यज्ञेश्वर ओरडले. "अरे, सगळी रया गेली असेल तिची! कुठं हाय ती?"

"ये गं नानी, वर ये," प्रशिकने जिन्यात हाक मारली, आणि कठड्याला धरून, एकेका पायरीवर देवाचं नाव घेत, हिरव्या मखमली ब्लाउजमधल्या विमलाबाई वर आल्या. त्यांनी यज्ञेश्वरांना, भिंगाला आणि निळ्या मखमलीला आळीपाळीने पाहिलं.

"हाच का तो गोळा करणारा?" त्यांनी नातवाला विचारलं. "यानं कोणाले उटण्याचं बोलावं? स्वतःच किती कळकट हाय. आणि मखमल एवढीशी? मी मावते का यात?"

यज्ञेश्वर एकेका दमात दोन पायऱ्या उतरत फाटकाशी गेले. फाटकावर, त्यांच्या घराच्या भिंतीएवढा, फ्लेक्स झळकत होता. मध्यभागी बोळकं उघडून हसणारी एक म्हातारी, तिच्याभोवती गुलाबाची फुलं, आणि ठळक लाल अक्षरं : 'प्राचीन नानी प्रदर्शन. सन २००० के पहले की दुर्लभ नानी. सोना, चाँदी, ताँबा. कृपया नानी को हाथ न लगाएँ.' आणि डावीकडे खाली, एकही चूक न करता, 'संग्राहक : यज्ञेश्वर मोहरील'.

त्यांनी तिथूनच विशालला फोन लावला.

"अरे अंकल, आपके मैटर में कितनी गलतियाँ थीं!" विशाल उत्साहाने म्हणाला. "नानी को हर जगह नाणी लिख दिया था. हमने सब सुधार दिया. उसका चार्ज भी नहीं लिया. फोटो भी अपनी तरफ से डाली. अच्छी है ना? हमारी ही नानी है."

"अरे पण तुले विचारायचं नव्हतं का?"

"पूछा था ना अंकल. आपने अँगूठा भेजा था."

यज्ञेश्वरांनी फोन बंद केला. आता लोकांसमोर उभं राहून क्षमा मागावी, सगळ्यांना घरी पाठवावं आणि पाटीवर पाणी सोडावं, असं त्यांनी ठरवलंही. पण तेवढ्यात मागून त्यांच्या पाठीवर थाप पडली. अध्यक्ष निरंजन ढोबळे होते.

"मानलं तुमाले, मोहरील साहेब! काय आयडिया काढली! मले तर वाटलं होतं, तुम्ही तेच ते चिल्लर मांडता का काय."

"निरंजनराव, चूक झाली. हे नाण्यांचं—"

"मागच्या वेळी नाण्यांच्या कार्यक्रमाले कोण आलं होतं? चहावाला. तोही कप न्यायले. आज पाहा. पार्षद येऊन राहिले स्वतः. एवढे ज्येष्ठ नागरिक एका जागी म्हटल्यावर त्यांना यावंच लागते. तुम्ही आता गडबड करू नका. खोली पाह्यजे ना?"

खोली पाहिजे होती. यज्ञेश्वरांनी गळ्यातलं भिंग सरळ केलं.

पार्षद, म्हणजे नगरसेवक, आले. हार झाले, फोटो झाले, आणि यज्ञेश्वरांच्या गळ्यातलं भिंग पाहून पार्षदांनी त्यांना जवळ ओढलं. "आप ही निर्णायक हैं ना? बैठिए, बैठिए." झालं. खालच्या सभागृहात खुर्च्या लागल्या, आणि यज्ञेश्वर मोहरील यांच्यासमोरून शहरातल्या एकूण एक नानी एकामागून एक जाऊ लागल्या. काय विचारायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं तेच त्यांनी विचारलं. मूळ ठिकाण कोणतं, किती जणांच्या हातून गेलात, काही दुरुस्ती झाली आहे का. नान्यांना हे प्रश्न अतिशय आवडले. असं अगत्याने त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मूळ गाव, सासर, मोतीबिंदू, बदललेला गुडघा, सगळं त्या सविस्तर सांगू लागल्या, आणि यज्ञेश्वरांना प्रथमच जाणवलं, की नाण्यांचा मोठा गुण म्हणजे ती बोलत नाहीत.

खरी पंचाईत बक्षिसांची झाली. बाहेर लाल अक्षरांत सोना, चाँदी, ताँबा लिहिलं होतं, आणि लोकांनी ते पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस असं वाचलं होतं.

"बक्षीस तर द्यावं लागंन," निरंजनराव कानात म्हणाले. "वर तुमच्या पेटीत हाय ना तीनही?"

"निरंजनराव! ती हजार-दोन हजार वर्षांची नाणी हायेत!"

"मग चांगलंच हाय. लोक म्हणतील, संस्थेनं जुना माल दिला, मिलावट नाही."

ट्रे खाली आणले गेले. तांब्याचं एक नाणं यज्ञेश्वरांकडे जोडीने होतं, त्यातलं एक त्यांनी छातीवर दगड ठेवून दिलं. ते शर्मिष्ठाताईंना मिळालं. चांदीचं मध्ययुगातलं एक जाडसर नाणं विमलाबाईंना द्यावं लागलं. विमलाबाईंनी ते दाताखाली धरून पाहिलं.

"हे चालते का?"

"हजार वर्षांपूर्वी चालायचं," यज्ञेश्वर म्हणाले.

"मग मले काहून देता?"

आता सोनं. ट्रेच्या अगदी मधोमध, निळ्या मखमलीत, एक गोल खड्डा होता आणि त्याच्याखाली यज्ञेश्वरांच्या मोत्यांसारख्या अक्षरात चिठ्ठी : 'रतनपूरचे कलचुरी. सुवर्ण. एका बाजूस हत्तीवर झेपावणारा सिंह, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत राजाचे नाव.' खड्डा रिकामा होता. तो पहिल्यापासून रिकामाच होता. त्या एका नाण्यासाठी यज्ञेश्वरांनी बिलासपूरपासून नागपूरपर्यंतचे सगळे दलाल, सगळे मेळे पालथे घातले होते. किंमत ऐकून प्रत्येक वेळी हात हलवत परतले होते. आज ना उद्या मिळेल म्हणून त्यांनी जागा राखली होती, आणि त्याच भरवशावर फ्लेक्सच्या मजकुरातही 'सोने' घातलं होतं.

पण हे लोकांना काय माहीत? चिठ्ठी आहे, खड्डा आहे, सोनं नाही. "अरे, सोनेवाला तो गायब है!" मागून कोणीतरी ओरडलं. "चोरी हो गया!" एका क्षणात सभागृह उठून उभं राहिलं. एकाने दार लावून घेतलं. पार्षदांच्या माणसाने निरंजनरावांकडे संशयाने पाहिलं, निरंजनरावांनी यज्ञेश्वरांकडे पाहिलं, आणि दोन नान्यांनी आपापल्या पिशव्या पोटाशी घट्ट धरल्या. "तलाशी लो सबकी," असं कोणी म्हणताच विमलाबाई कडाडल्या, "हात तर लावून पाहा! बाहेर काय लिहिलं हाय, वाचलं नाही का?"

यज्ञेश्वरांनी ती चिठ्ठी उचलून मुठीत दाबली. खरं सांगायचं, तर सोनं कधी नव्हतंच, हे बोलावं लागणार होतं. चारचौघांत, पार्षदांसमोर, पाटी लागायच्या आधी.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सरोजिनीबाई उठल्या. ईराने त्यांचं नाव सकाळीच स्पर्धेत घातलं होतं, पण त्या कोपऱ्यात गुपचूप बसून होत्या. त्यांनी निरंजनरावांच्या हातातून माईक घेतला.

"बसा सगळे. काही चोरी-बिरी नाही झाली. ते सोनं कधी नव्हतंच. मी या घरात आली तेव्हापासून त्या खड्ड्यातली धूळ पुसून राहिली. दिवाळीले पुसते, पाडव्याले पुसते. घरात माणसाले बसाले जागा नाही, पण त्या खड्ड्याची जागा कोणी घेऊ शकत नाही."

सभागृह हसलं. पार्षद सर्वांत मोठ्याने हसले. "नानी जी, इतने साल इन सिक्कों के बीच आप कैसे टिकीं?"

"सोपं हाय," सरोजिनीबाई म्हणाल्या. "यांनी जे लिहिलं, तेच. हात लावू नये असा बोर्ड असला का कोणतीही वस्तू टिकते."

मग काय विचारता! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पहिला नंबर पार्षदांनी परीक्षकांना न विचारताच जाहीर करून टाकला. सरोजिनीबाईंच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार पडला, ईराने धडाधड फोटो काढले, आणि त्याच गडबडीत निरंजनरावांनी माईक ओढून घेतला. लोक आले तर खोली देऊ, असा समाजाचा शब्द होता, ते म्हणाले. लोक आले. शब्द आम्ही पाळतो. वरच्या खोलीत आजपासून रोज दुपारी सगळ्या नान्यांना बसता येईल, गप्पा मारता येतील. खोलीचं नाव 'नानी कक्ष', आणि किल्ली सरोजिनीताईंकडे.

एक तर तुमची नाणी जातील, नाहीतर मी जाईन, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या गेल्या.

यज्ञेश्वर पेटी घेऊन मागच्याच दाराने घरी आले. मौर्य पुन्हा दिवाणावर गेले, कुषाण उशीवर. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पितळी पाटीवर आता 'नानी' कोरलं जाणार होतं, आणि ती नानी समोर बसून त्यांना वाढत होती.

सोमवारी पेपरात बातमी आली. 'योगेश्वर मोहर्ले' यांचा अनोखा उपक्रम, असं तिच्यात लिहिलं होतं. यज्ञेश्वरांनी पेपर घडी करून चपलांच्या कपाटावर ठेवला आणि ईराकडे मोबाईल मागितला. निदान कोणत्या तरी फोटोत मागे आपले ट्रे दिसत असतील, एवढीच त्यांची आशा होती. ट्रे दिसत नव्हते. प्रत्येक फोटोत सरोजिनीबाईच होत्या, हारासकट, हसत. एका फोटोत हाराच्या वजनाने पोत सरकली होती, लाल दोऱ्याने बांधलेली पुतळी उलटी होऊन कॅमेऱ्यासमोर आली होती.

यज्ञेश्वरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. मग भिंग काढून ते मोबाईलच्या काचेवर धरलं.

"नाना, ये क्या कर रहे हो?" ईरा म्हणाली.

नाना एकेक अक्षर जुळवू लागले. पुतळीच्या पाठीवर झिजलेल्या नागरी अक्षरांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत 'श्रीमत्पृ' लागत होतं. खालच्या ओळीत शेवटी 'देव'. पृथ्वीदेव. रतनपूरचा कलचुरी राजा. आणि मग दुसऱ्या बाजूला असतं ते... मांजर! यज्ञेश्वरांना दरदरून घाम फुटला. या नाण्यासमोर बसून ते रोज दोन वेळा जेवले होते. याच नाण्याने त्यांना 'अजून एक पोळी घ्या' म्हटलं होतं.

ते गच्चीवर धावले. सरोजिनीबाई कोहळ्याच्या वड्या घालत होत्या. वड्या घालायला आयतं मोठं कापड मिळालं म्हणून कालचा फ्लेक्स त्यांनी घरी आणला होता, धुऊन पुसून उन्हात पसरला होता, आणि बोळक्या म्हातारीच्या गालांवर वड्यांच्या ओळी ओळीने पडत होत्या. कमरेला समाजाच्या खोलीची किल्ली खोचलेली होती.

"सरोज," यज्ञेश्वर दम खात म्हणाले, "ती कडी. आण, दाबून देतो."

"कोणती कडी?"

"पुतळीची. चिमटा आणला मी."

"राहू द्या. तुम्ही अभ्यासक. सोनार थोडीच हाय तुम्ही." त्यांनी आणखी एक वडी घातली. "मी दुपारी सदर बाजारात नेऊन राहिली. सोनार म्हणे, पार झिजली हाय, गाळून नवीन करून देतो."

"गाळू नको!" यज्ञेश्वर इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"काहून?"

आता सुटका नव्हती. यज्ञेश्वर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सरोज, ते मांजर नाही. सिंह हाय."

सरोजिनीबाईंनी पुतळी उचलून उन्हात धरली आणि पहिल्यांदाच कोणी नातेवाईक ओळखू यावा तशी पाहिली. "अन् उंदीर?"

"हत्ती."

"माय! आणि मी सांगत होती, पाहा म्हणून, तर म्हणे मांजराचं नाणं कोणत्याच राजानं पाडलं नाही."

"चुकलं माझं. सपशेल चुकलं. मी पाह्यलंच नाही," यज्ञेश्वर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण माणसाचा स्वभाव माणसाला सोडत नाही. बोलता बोलता त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि दुसरा हात आपोआप बायकोच्या गळ्याकडे नेला. "माझ्याजवळ तो खड्डा हाय ना, रिकामा, त्याच्यात हे—"

सरोजिनीबाईंनी त्यांचा हात बाजूला केला नाही. त्यांनी फक्त पिठाने भरलेलं बोट खाली फ्लेक्सवर, दोन वड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं. 'कृपया नानी को हाथ न लगाएँ.'

यज्ञेश्वरांनी ते वाचलं. त्याच्या वरची ओळ वाचली, खालचं स्वतःचं नाव वाचलं. आपला मजकूर अथपासून इतिपर्यंत ते पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी हात मागे घेतला.

"मग मी पाहू तरी कधी?"

"चार वाजता कक्ष उघडते," सरोजिनीबाई पुढची वडी घालत म्हणाल्या. "सगळ्यायसंगं या. भिंग चालते. हात नाही."